नेसणे, घालणे आणि बेळगावचा कापडबाजार

कोल्हापूर सोडून दक्षिणेकडे निघाले, की कागल मागे पडते न पडते तोच दूधगंगा लागते. पूल ओलांडला की कोगनोळीचा नाका, आणि तेथून कर्नाटक राज्य सुरू होते. पाटीवरील लिपी बदलते, एस. टी. गाडीचा रंग बदलतो. मात्र रस्त्याकडेच्या रसाच्या गुऱ्हाळावरचे बोलणे काही बदलत नाही. तीच ऐसपैस, वाक्याच्या शेवटी ‘की’ लावणारी मराठी निपाणीपर्यंत सोबत करते. ‘बसा की’, ‘घ्या की’, ‘बघा की’! या ‘की’मध्ये आग्रह आहे, आर्जव आहे आणि किंचित अधिकारही आहे. परमुलखात वर्षानुवर्षे राहिलेल्या मराठी माणसाच्या कानावर तो पडला, की माहेरच्या दारात उभे असल्यासारखे वाटते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या साऱ्याविषयी वाचकांनी पुष्कळ वाचले असेल आणि कित्येकांनी ते सोसलेही असेल. त्या प्रश्नाचे मोल कमी न लेखता, प्रस्तुत लेखात मला वाचकांना दुसऱ्याच एका ठिकाणी न्यावयाचे आहे. ते ठिकाण म्हणजे कापडाचे दुकान. तेथील गादीवर बसून नुसते कान उघडे ठेवले, तरी या सीमेविषयी अशा काही गोष्टी कळतात, की ज्या नकाशावर सापडत नाहीत.

निपाणी हे तंबाखूचे गाव. विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे, तंबाखूच्या वखारींचे आणि १९८१ साली शेतकऱ्यांनी महामार्गावर ठिय्या देऊन केलेल्या आंदोलनाचे. या पट्ट्यातील आणखी एक ओळख म्हणजे कातडी वहाणा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते एका राज्याला मिळालेले नाही. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार जिल्हे, असे आठ जिल्हे मिळून ते मानांकन आहे. जून २०२५मध्ये मिलान येथील एका सुप्रसिद्ध फॅशन संस्थेच्या प्रदर्शनात याच घाटाच्या चपला झळकल्या आणि मोठा गवगवा झाला, तेव्हा अथणीचा कारागीर आणि कोल्हापूरचा कारागीर दोघांनीही ‘या आमच्या’ असेच म्हटले. आणि दोघांचेही खरेच होते.

चपलेच्या दुकानात मराठी गिऱ्हाईक म्हणते, ‘पायात घालून बघतो’. कानडी गिऱ्हाईक जे क्रियापद वापरते ते आहे ‘मेट्टु’. मेट्टु म्हणजे पायाने तुडवणे, पाऊल ठेवणे, आणि पायात वहाण घालणेही. वहाणेसाठी कानडीने एक वेगळे क्रियापदच राखून ठेवले आहे. हे ऐकले आणि मनात आले, की मग वस्त्रांचे काय? या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते बेळगावात.

निपाणीहून तवंदीचा घाट उतरून, संकेश्वरजवळ हिरण्यकेशी ओलांडून बेळगाव गाठावे. शासनदरबारी २०१४ सालापासून या शहराचे नाव ‘बेळगावी’ झाले. घराघरांतून ते बेळगावच आहे. शहराची दोन अंगे आजही वेगळी ओळखू येतात. एकीकडे कॅम्प, म्हणजे ब्रिटिशांच्या छावणीचा भाग. रुंद रस्ते, जुने बंगले, चर्चचा मनोरा, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. दुसरीकडे गावठाण, म्हणजे गल्ल्यांचे बेळगाव. गणपत गल्ली, मारुती गल्ली, पांगुळ गल्ली, खडेबाजार. सणासुदीच्या दिवसांत येथे खांद्याला खांदा लागतो. लग्नसराईत तर बस्ता बांधावयास आलेल्या मंडळींनी दुकाने ओसंडून वाहतात.

‘बस्ता बांधणे’ हा शब्दप्रयोग नव्या पिढीला कदाचित सांगावा लागेल. लग्नाची सारी कापडखरेदी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून, एकाच दुकानात, एका बैठकीत करावयाची, तिला बस्ता म्हणतात. वधूचा शालू, वरमाईचे लुगडे, आत्याबाई, मामी, करवली, आहेराचे खण, टॉवेल-टोपी. कोणाचा मान कितव्या दर्जाचा, हे तेथे वारांत आणि रुपयांत ठरते. दुकानदार पांढऱ्या गादीवर ठाण उलगडीत जातो, आणि त्याच्यापुढे बसलेल्या बायका डोळ्यांनी, बोटांनी आणि जिभेने एकाच वेळी पारख करीत असतात.

अशाच एका दुकानात मी तासभर बसलो होतो. एका बाजूला खानापूरकडची मराठी मंडळी, दुसऱ्या बाजूला बैलहोंगलकडच्या कानडी बायका. दुकानदार दोघांशीही तितक्याच सहजतेने बोलत होता. मराठी आजींना तो म्हणाला, ‘अक्का, नेसून बघा की, मग सांगा’. लगेच मान वळवून कानडी म्हातारीला म्हणाला, ‘अव्वा, उट्टु नोड्री’. उट्टु म्हणजे नेसून, नोड्री म्हणजे बघा. शब्दाला शब्द, जागेला जागा! पुढचा अर्धा तास मी मोजीत राहिलो. ‘बांधून द्या’ला ‘कट्टि कोड्री’. ‘काढून ठेवा’ला ‘तेगदिड्री’. घासाघीस संपवून गिऱ्हाईक निर्वाणीचे म्हणते, ‘देऊन टाका आता’, त्याला ‘कोट्टबिड्री’. ‘टाकणे’ आणि ‘बिडु’, म्हणजे सोडणे, हे दोन्ही शब्द येथे आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून ‘एकदाचे आटपा’ एवढेच सांगतात.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना शाळेत या जातीच्या क्रियापदांचा मोठा धाक असतो. ‘पुट ऑन’ म्हणजे घालणे, ‘टेक ऑफ’ म्हणजे उतरवणे, ‘ट्राय ऑन’ म्हणजे घालून पाहणे, ‘वेअर आउट’ म्हणजे विरून जाणे. क्रियापद तेच, मागे एक चिमुकला शब्द जोडला की अर्थाची कूस बदलते. मुले पाठ करतात आणि विसरतात. त्यांना जर कोणी सांगितले, की बाळांनो, ही युक्ती तुमच्या घरातही आहे, तर त्यांचा धाक निम्मा कमी होईल. इंग्रजी मागे एक अव्यय जोडते, आपण दुसरे क्रियापद जोडतो. ‘घालून पाहणे’, ‘घेऊन टाकणे’, ‘निवडून काढणे’, ‘उठून दिसणे’. यातील ‘पाहणे’ डोळ्यांनी पाहणे नव्हे आणि ‘उठून दिसणाऱ्या’ साडीला कोठे उठावयाचे नसते. परक्याला हे शिकवू लागलो म्हणजे आपली भाषाही किती अवघड आहे, हे ध्यानात येते.

आणि ही युक्ती मराठी व कानडी यांनी इतकी सारखी वापरावी, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. मराठी संस्कृतोद्भव, कानडी द्राविडी. घराणी निराळी, पण शेकडो वर्षांचा शेजार. १९७१ साली जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला, तो जगभरच्या भाषाशास्त्रात आजही आधाराला घेतला जातो. त्या गावात घरी कोणी कानडी बोले, कोणी मराठी, कोणी उर्दू. अभ्यासकांना असे दिसले, की या भाषांची वाक्यरचना जवळजवळ एकच होऊन गेली आहे. एका भाषेतील वाक्यातले शब्द क्रमाने बदलीत गेले की दुसरीतले वाक्य तयार होते. शब्द मात्र प्रत्येकाने आपापले जपले होते. बेळगावच्या गादीवर मला जे ऐकू आले, ते याहून वेगळे नव्हते.

आता वस्त्रांकडे वळू. मराठीत वस्त्र आणि क्रियापद यांची लग्ने ठरलेली आहेत. लुगडे, साडी, धोतर, पंचा ही नेसावयाची. चोळी, सदरा, कोट, टोपी ही घालावयाची. शाल, घोंगडी पांघरावयाची. फेटा, पटका बांधावयाचा. वेणी, गजरा माळावयाचा. बांगड्या भरावयाच्या. दागिने, काजळ लेवावयाचे. निऱ्या खोचावयाच्या, पदर घ्यावयाचा आणि सावरावयाचा. उलट बाजूही तितकीच रेखीव आहे. सदरा काढतात, लुगडे सोडतात किंवा फेडतात, आणि बांगडी पिचली तरी ‘फुटली’ न म्हणता ‘वाढवली’ म्हणतात. तोच शब्द दुकानदार वापरतो. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि रात्री फळ्या लावणे म्हणजे दुकान वाढवणे. बंद होणे, संपणे हे उच्चारावयाचेच नाही, अशी ही भाषेची मर्यादा.

कानडीतील जोड्या पाहा. सीरे, म्हणजे साडी, नेसावयाची त्याला ‘उडु’. कुबस, म्हणजे चोळी, किंवा अंगी घालावयाची त्याला ‘तोडु’. या दोहोंतूनच पेहरावासाठी ‘उडुगे-तोडुगे’ असा जोडशब्द झाला आहे; आपण ‘नेसणे-सवरणे’ म्हणतो त्याच्या जवळचा. फुले माळण्याला ‘मुडि’, पांघरण्याला ‘होदे’. म्हणजे जे अंगाभोवती गुंडाळावयाचे ते वेगळे आणि जे शिवलेल्या आकारात अंग घालावयाचे ते वेगळे, ही दृष्टी दोघींचीही. इंग्रजीत साऱ्याला ‘वेअर’ पुरते. हिंदीतील ‘पहनना’ आणि गुजरातीतील ‘पहेरवुं’ ही साडीलाही चालतात आणि सदऱ्यालाही. तेलुगू-तमिळमध्ये साडी ‘कट्टु’, म्हणजे बांधली जाते. मराठीची खरी सोबतीण येथे कोंकणी, जी कापड ‘नेसते’, आणि शेजारीण कानडी.

‘नेसणे’ हे क्रियापद लहानसहान कुळातले नव्हे. संस्कृतातील ‘निवसन’ या वस्त्रवाचक शब्दाशी त्याचे नाते सांगतात. पाली ग्रंथांत भिक्षू सकाळी भिक्षेला निघताना अंतर्वासक नेसतो, तेथे येणारे ‘निवासेति’ हे क्रियापद त्याच घराण्यातले. ‘पांघरणे’ हेही प्राकृतातील ‘पंगुरण’ या शब्दापर्यंत जाते. म्हणजे आपल्या आजीने ‘नेसले’ म्हटले, तेव्हा निदान दोन हजार वर्षांची एक जाण तिच्या ओठांवर होती: वस्त्राला स्वतःचा आकार नसतो, तो नेसणारी देते.

तो आकार देण्यासाठी वस्त्रही तसेच लागते. या बाजारातील दोन मानाची वस्त्रे म्हणजे इरकल आणि खण. इरकल हे मराठी नाव बागलकोट जिल्ह्यातील इळकल गावावरून आले. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा असतो. अंगाचा ताणा आणि पदराचा तांबडा ताणा यांचे धागे फासात फास अडकवून मागावरच जोडतात. त्या पद्धतीला ‘तोपी तेणी’ म्हणतात. दोन ताण्यांचे एक लुगडे! सीमाभागाला याहून बोलके चिन्ह कोणते असेल? खण येतो त्याच जिल्ह्यातील गुळेदगुड्डहून, त्रिकोणी घडी करून. आज त्याच्या पिशव्या, तोरणे आणि मुलींचे परकरही होऊ लागले आहेत. पण त्याचे खरे काम ओटी भरण्याचे. आपण ओटी भरतो, तर कानडी घरात ‘उडि तुंबु’. उडि म्हणजे ओटी, तुंबु म्हणजे भरणे. खण तोच, नारळ तोच, तांदूळ तेच, आणि दोन्हीकडच्या लेकी सासरी निघताना डोळ्यांत येणारे पाणीही तेच.

गावातून कॅम्पाकडे गेले की शिंप्यांचे राज्य लागते. साहेबाच्या आणि लष्कराच्या गणवेशावर हात बसलेली ही परंपरा. तेथे इंग्रजी शब्द केव्हाच देशी होऊन बसले आहेत: कॉलर, कफ, फिटिंग, ट्रायल. परंतु कामाची क्रियापदे मात्र शिंप्याने मराठीच ठेवली. कापडवाला कापड फाडतो, शिंपी ते बेततो. गिऱ्हाईक कापड शिवायला ‘टाकते’. सदरा अंगाला ‘बसतो’, मुलाला ‘होत नाही’, धुतल्यावर ‘आटतो’. इंग्रजीत कपडा ‘टेक इन’ करतात आणि ‘लेट आउट’ करतात. आपला शिंपी म्हणतो, कमरेत घेतो, आणि शिवणीत माया ठेवली आहे, पुढे सोडता येईल. शिवणीच्या आत दडवून ठेवलेल्या जादा कापडाला ‘माया’ म्हणणारी ही भाषा! पोराचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवावे, ही त्याच मायेची दुसरी खूण. थोरल्याचा सदरा धाकट्याला येतो, त्याला इंग्रजीत ‘हँड डाउन’ म्हणतात. आपल्याकडे त्याला नाव देण्याचीही गरज कोणाला भासली नाही, इतके ते घरोघरी चालले होते.

शहराच्या दक्षिणेचे शहापूर हे संस्थानी काळात सांगलीकरांकडे होते. तेथील विणकरांची शहापुरी लुगडी एके काळी दूरवर जात. आज शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. याच शहरात डिसेंबर १९२४मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि सभासदत्वासाठी दरमहा २००० वार सूत देण्याची अट तेथे मान्य झाली. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेले ते एकमेव अधिवेशन. वर्गणी पैशाऐवजी सुतात मागणारे अधिवेशन विणकरांच्या शेजारी भरावे, हे उचितच होते. मात्र काळ कोणासाठी थांबत नाही. काष्टा घालून नऊवारी नेसणाऱ्या बायका आता बेळगावातही मोजक्या उरल्या आहेत. तरुण मुली पंजाबी पोशाख घालतात, आणि लग्नाच्या दिवशी शिवून तयार असलेली नऊवारी पायजम्यासारखी पायात चढवतात. त्या नऊवारीला नेसणे हे क्रियापद लागू पडत नाही. ती खरोखरच ‘घातली’ जाते. भाषा येथे चुकत नाही, ती साक्ष देते.

मला काळजी वाटते ती दुसरीकडची. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपल्या घरांतून साडी आजही आहे. हळदीकुंकवाला आहे, सत्यनारायणाला आहे. पण मुलगी म्हणते, ‘आई, मी आज तुझी साडी घालू?’ आणि आईच्या ध्यानातही येत नाही. कोठे ‘साडी पेहनली’ ऐकू येते, कोठे ‘शाल घातली’, ‘गजरा लावला’. वस्त्र राहिले आणि क्रियापद गेले. व्याकरणाची ही चूक म्हणून कोणी कान पिळावा, असे मी म्हणणार नाही. शेजारच्या भाषेची सवय लागावयाचीच. पण बेळगावकडे पाहावे. तेथे दोन भाषा एकमेकींच्या इतक्या अंगणात वावरल्या, की दोघींच्या वाक्यांची चाल एक झाली. तरीही मराठी बाई नेसते आणि कानडी बाई उडते, आपापला शब्द कोणी सोडलेला नाही. धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरी मराठी होती. कानडीत त्यांनी ज्ञानपीठापर्यंतचा मान मिळविला आणि मराठीतही लिहिले. एक भाषा जवळ करण्यासाठी दुसरी टाकावी लागत नाही, हे या भागाने पाटीवरील लिपीचे वाद चालू असतानाही दाखवून दिले आहे.

मग शब्द कशाने टिकतो? बेळगावात तो टिकला, कारण तो रोज कामाला लागतो. बस्ता बांधताना, ओटी भरताना, शिंप्याकडे माप देताना. आपल्या दूरच्या घरांतून त्याला असेच काम दिले पाहिजे. मुलीला साडी देताना ती घडी हातात देऊन मोकळे होऊ नये. तिच्यासमोर उभे राहावे, निऱ्या कशा घालावयाच्या, कोठे खोचावयाच्या, पदर किती सोडावयाचा हे हाताला हात लावून दाखवावे, आणि प्रत्येक वेळी त्या त्या कृतीचा शब्द मुखाने उच्चारावा. आजवर आयांनी लेकींना तो असाच दिला. साडीच्या घडीबरोबर तो पेटीत ठेवता येत नाही. नेसवतानाच द्यावा लागतो.